विन्सेंट की जयंत?

आदरणीय ताई,

मी मूळची साताऱ्याची, सासर वसईचे. माझे यजमान कॅथलिक आहेत, मी हिंदू आहे आणि लग्नानंतरही दोघांनी आपापला धर्म ठेवला आहे. महिन्यापूर्वी आम्हाला मुलगा झाला. माझे सासरे गेल्या वर्षी वारले; त्यांचे नाव विन्सेंट. बाळाला तेच नाव द्यावे, अशी सासूबाईंची आणि यजमानांची मनापासून इच्छा आहे. माझ्या वडिलांनी मात्र ‘जयंत’ हे नाव योजून ठेवले आहे. ‘परक्या भाषेतले, अर्थ न कळणारे नाव कशाला?’ असे ते विचारतात. मी इंटरनेटवर शोधले, तर एके ठिकाणी ‘जिंकणारा’ असा अर्थ मिळाला, दुसरीकडे द्राक्षांच्या मळ्याशी संबंध जोडलेला होता आणि तिसरीकडे वृषभ रास व शुभ अंक दिला होता. ‘जिंकणारा’ हा अर्थ ऐकून वडील म्हणाले, ‘मुलूख जिंकायला आलेल्यांचेच नाव ना हे?’ त्यात मावसबहिणीने सांगितले की या नावाच्या चित्रकाराचे आयुष्य फार दुःखात गेले, तेव्हा हे नाव नको. नावाचा खरा अर्थ आणि उगम काय, हे नाव ठेवावे का, आणि ठेवले तर मराठीत कसे लिहावे, हे कृपया सांगावे.

— एक आई, वसई

तुमच्या बाळाला अनेक आशीर्वाद. माझे मत आधीच सांगून टाकते. बाळाचे नाव विन्सेंट ठेवावे आणि तुमच्या वडिलांनी सुचवलेले जयंत हे नावही बाळाला द्यावे. ही दोन्ही घरांची समजूत काढणारी तडजोड वाटेल, परंतु या दोन नावांची घडण पाहिली की ती एकमेकांच्या किती जवळची आहेत हे तुमच्याच लक्षात येईल, आणि तुमच्या वडिलांना पटवून देण्यासाठी तुम्हाला माझ्या शिफारशीची गरज उरणार नाही.

इंटरनेटवर तुम्हाला जे तीन अर्थ मिळाले त्यांपैकी पहिला खरा आहे. रास आणि शुभ अंक यांचा नावाच्या अर्थाशी काहीही संबंध नाही. आपल्याकडे अवकहडा चक्रात नक्षत्राच्या चरणानुसार अक्षरे ठरलेली असतात, त्यात ‘वी’ हे अक्षर रोहिणीत म्हणजे वृषभ राशीत येते, आणि त्या संकेतस्थळाने नावाचे पहिले अक्षर घेऊन तेवढेच छापले आहे. तुमच्या बाळाची रास त्याच्या जन्मवेळेवरून ठरेल, नावावरून नव्हे. द्राक्षमळ्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. फ्रान्समधील द्राक्ष-बागायतदारांनी संत विन्सेंट यांना आपला पालक संत मानले आहे, बर्गंडी प्रांतात तर १९३८ पासून दर जानेवारीत त्यांच्या नावाचा उत्सव दरवर्षी निराळ्या गावी भरतो. नावातील पहिले अक्षर फ्रेंच भाषेतील वाइनच्या शब्दासारखे ऐकू येते, हे त्याचे एक कारण सांगितले जाते. श्रद्धा म्हणून ते गोड आहे. व्युत्पत्ती म्हणून मात्र ते टिकत नाही, कारण वाइनसाठी लॅटिनमध्ये असलेला ‘वीनुम’ हा शब्द आणि जिंकणे या अर्थाचे ‘विन्केरे’ हे क्रियापद यांची मुळे वेगवेगळी आहेत.

आता खरा उगम. ‘विन्केरे’ म्हणजे जिंकणे, वरचढ ठरणे, मात करणे. या क्रियापदाचे एक रूप तुम्ही शाळेत नक्की ऐकले असेल. इसवी सनपूर्व ४७ मध्ये आजच्या तुर्कस्तानातील झेला येथील लढाईनंतर ज्युलियस सीझरने ‘मी आलो, मी पाहिले, मी जिंकले’ असे तीन शब्दांत कळवले, त्यातला तिसरा शब्द ‘वीकी’ हा याच क्रियापदाचा भूतकाळ आहे. त्यापासूनच ‘व्हिक्टर’ हे नाव झाले आणि ‘व्हिक्टोरिया’ही झाले, जे मुंबईकरांच्या तोंडी राणीपेक्षा घोडागाडीमुळे आणि बोरीबंदरच्या स्थानकामुळे अधिक रुळले. विन्सेंट हे त्याच घरातले भावंड आहे.

‘वीकी’ आणि ‘व्हिक्टर’ यांत ‘न’ नाही, मग विन्सेंटमध्ये तो कुठून आला, असा प्रश्न तुमच्या वडिलांनी विचारला तर त्यांना संस्कृतातील ‘युज्’ धातूची आठवण करून द्या. ‘युक्त’ म्हणताना ‘न’ येत नाही, पण ‘युञ्जन्ति’ म्हणताना धातूच्या मधोमध अनुनासिक शिरते. संस्कृत व्याकरणात रुधादि म्हटल्या जाणाऱ्या गटातील धातूंची ही खोड लॅटिनमध्येही आहे, कारण दोन्ही भाषा एकाच प्राचीन घराण्यातून आलेल्या आहेत. वर्तमानकाळी रूपात अनुनासिक येते आणि भूतकाळी रूपात ते गळते. विन्सेंट हे नाव वर्तमानकाळी रूपावर बेतलेले असल्यामुळे त्यात ‘न’ आहे.

या क्रियापदाचे वर्तमानकालवाचक विशेषण ‘विन्केन्स’ असे होते आणि विभक्तीचे प्रत्यय लागताना त्याचे अंग, म्हणजे प्रत्यय ज्याला जोडले जातात ते रूप, ‘विन्केन्त्’ असे दिसते. या ‘-एन्त्’चा संस्कृतातील सख्खा भाऊ म्हणजे ‘गच्छन्त्’, ‘जयन्त्’ यांतील ‘-अन्त्’ हा प्रत्यय. ‘जि’ धातूपासून ‘जयन्’ म्हणजे जिंकत असलेला, आणि त्याच घडणीच्या पोटी आपले जयंत हे नाव आहे. धातू दोन्हींकडे वेगळे आहेत, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. लॅटिनमधला ‘विन्क्’ आणि संस्कृतातला ‘जि’ यांचे नाते जोडता येत नाही. परंतु नावाचा अर्थ तोच आणि नावाचा शेवट ज्या प्रत्ययाने होतो तो प्रत्ययही मुळात एकच. तुमच्या वडिलांनी साताऱ्यात बसून जे नाव निवडले आणि वसईत तुमच्या सासऱ्यांना त्यांच्या आईवडिलांनी जे दिले, ती दोन नावे अर्थाने आणि बांधणीने इतकी जवळची आहेत की लॅटिन जाणणाऱ्या एखाद्या संस्कृत पंडिताला विन्सेंटचे भाषांतर करायला सांगितले असते, तर त्याच्या तोंडून जयंत हेच नाव प्रथम आले असते. व्हिक्टरसाठी त्याने ‘जेता’ सुचवले असते, कारण तेथे कर्त्याचा प्रत्यय आहे, तोही दोन्ही भाषांत सारखाच.

रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळात अशा विशेषणांना ‘-इउस’ हा शेवट जोडून नावे बनवण्याची रीत फार वाढली. स्थिर असणारा या अर्थाच्या शब्दापासून कॉन्स्टँटिउस, बहरणारा या अर्थाच्या शब्दापासून फ्लोरेन्तिउस, आणि ‘वाढत असलेला’ या अर्थाच्या शब्दापासून क्रेस्केन्तिउस ही नावे झाली. आपल्याकडे याच शेवटच्या अर्थाचे ‘वर्धमान’ हे नाव भगवान महावीरांचे जन्मनाव आहे. विन्केन्तिउस हे त्याच पिढीतले नाव. पुढे लॅटिनपासून निघालेल्या भाषांत आणि शेजारच्या भाषांत त्याची रूपे बदलत गेली. इटलीत विन्चेन्झो झाले, फ्रान्समध्ये व्हँसाँ झाले, पोलंडमध्ये व्हिन्त्सेंती झाले, तर स्पेन आणि पोर्तुगाल यांनी पहिला ‘न’ गाळून ‘व्हिसेन्ते’ असे लिहायला सुरुवात केली. तुमच्या सासऱ्यांच्या नावाचे रूप इंग्रजी वळणाचे आहे. गोव्यात जुन्या पिढीत व्हिसेन्ते हे पोर्तुगीज वळणाचे रूप सापडते.

तुमच्या वडिलांच्या दुसऱ्या आक्षेपाला मात्र थोडे सविस्तर उत्तर दिले पाहिजे, कारण तो आक्षेप उथळ नाही. वसईच्या भूमीवर १५३४ पासून १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेईपर्यंत पोर्तुगीजांची सत्ता होती आणि त्या काळातच ही नावे उत्तर कोकणात आली, हे खरेच आहे. जिंकणारा म्हटल्यावर डोळ्यांसमोर तलवार यावी, हेही स्वाभाविक आहे. परंतु हे नाव ज्या माणसामुळे जगभर पसरले, त्याच्या हातात तलवार कधीच नव्हती. सत्ता त्याच्या विरोधात होती.

तो माणूस म्हणजे स्पेनमधील सारागोसा येथील चर्चचा उपयाजक, म्हणजे धर्मगुरूंच्या खालच्या पायरीवरचा सेवक, विन्सेंट. तेथील धर्माध्यक्ष व्हालेरिउस यांची जीभ अडखळत असे, म्हणून त्यांच्या वतीने लोकांपुढे बोलण्याचे काम विन्सेंट करी, असे परंपरा सांगते. सम्राट डायोक्लेशनने ३०३ मध्ये ख्रिस्ती लोकांचा छळ सुरू केला, तेव्हा या दोघांना पकडून व्हॅलेन्सिया येथे दाशियान नावाच्या अधिकाऱ्यापुढे उभे करण्यात आले. धर्मग्रंथ स्वाधीन कर आणि देवतांना नैवेद्य दाखव, एवढे केले तर सुटशील, असे त्याला सांगण्यात आले. त्याने दोन्हीला नकार दिला. पुढील वर्णन आख्यायिकेचे आहे, पण ते जुने आहे. त्याला तापलेल्या लोखंडी जाळीवर ठेवले, नंतर अंधारकोठडीत फुटक्या खापऱ्यांच्या तुकड्यांवर टाकले, आणि तरीही तो आपल्या शब्दावरून हलला नाही. ३०४ च्या सुमारास त्याचा मृत्यू झाला. मृतदेह पशुपक्ष्यांनी खावा म्हणून उघड्यावर टाकला, तेव्हा एका डोमकावळ्याने लांडग्याला आणि इतर पक्ष्यांना हाकलून त्याची राखण केली. मग दगड बांधून तो समुद्रात बुडवला, तर लाटांनी तो किनाऱ्यावर आणून सोडला.

या गोष्टीतली जीत कुठे आहे, हा प्रश्न त्या काळच्या लोकांनाही पडला होता आणि त्यांनी नावातच त्याचे उत्तर शोधले. स्पेनमधील लॅटिन कवी प्रुडेन्शिउस यांनी विन्सेंटवर स्तोत्र रचले आणि त्याच्या आरंभीच्याच ओळींत त्याला नावाने हाक मारून विजयाचा मुकुट दिला. उत्तर आफ्रिकेतील हिप्पोचे धर्माध्यक्ष ऑगस्टिन या संताच्या सणाच्या दिवशी प्रवचने देत. त्यांत ते या नावाशी खेळत, विन्सेंट बोलण्यात जिंकला, यातनांत जिंकला, आगीत जिंकला आणि मेल्यावरही जिंकला, अशा आशयाची वाक्ये एकामागून एक उच्चारत. म्हणजे या नावाचा अर्थ केवळ शब्दकोशात राहिलेला नाही. त्या काळापासून चर्चमध्ये तो मोठ्याने सांगितला जात आला आहे, आणि सांगितला गेला तो दुसऱ्याला हरवणारा असा नसून, दुसऱ्याच्या जुलमाने न मोडणारा असा.

बायबलमध्ये रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौलाचे वाक्य आहे, ‘वाइटाने जिंकला जाऊ नकोस, तर बऱ्याने वाइटाला जिंक.’ त्याच्या लॅटिन पाठात ‘जिंक’ या जागी याच ‘विन्केरे’ची रूपे आहेत. तुमच्या वडिलांना हे वाक्य जरूर वाचून दाखवा, आणि त्याच वेळी आपल्याकडचा ‘जिन’ हा शब्दही आठवा. ज्याने स्वतःला जिंकले तो जिन, आणि त्याचे अनुयायी ते जैन. धम्मपदातही क्रोधाला अक्रोधाने जिंकावे, असे सांगितले आहे. जिंकणे या क्रियापदाला मुलूखगिरीच्या पलीकडचा हा अर्थ देण्याची परंपरा आपल्या मातीत पुरेशी जुनी आहे, त्यामुळे विन्सेंटमधली जीत समजून घेणे तुमच्या वडिलांना जड जाऊ नये.

एक गंमत सांगण्याचा मोह आवरत नाही. जयंत हा इंद्राचा पुत्र. रामायणात चित्रकूटावर सीतेला टोचणारा जो कावळा येतो तो इंद्रपुत्र असल्याचे म्हटले आहे, आणि पुढच्या परंपरेने त्याला जयंत हेच नाव दिले. इकडे जयंत स्वतः कावळा, तिकडे विन्सेंटचा राखणदार कावळा. हा निव्वळ योगायोग आहे, त्यावरून कोणताही निष्कर्ष काढू नये. पण बाळ गोष्टी ऐकण्याच्या वयाचे झाले की दोन्ही आजोळ-घरांच्या या दोन कावळ्यांच्या गोष्टी त्याला सांगता येतील.

तो डोमकावळा पुढे फार दूरवर गेला. विन्सेंटचे अवशेष पोर्तुगालच्या नैऋत्य टोकावरील भूशिरावर नेऊन ठेवले होते अशी परंपरा आहे, आणि त्या टोकाला आजही संत विन्सेंटचेच नाव आहे. तेथून ११७३ मध्ये पोर्तुगालचा पहिला राजा अफोन्सो हेन्रिकेस याने ते जहाजाने लिस्बनला आणवले. जहाजाबरोबर दोन डोमकावळेही आले, असे लोक सांगतात, आणि म्हणूनच लिस्बन शहराच्या मानचिन्हावर एक जहाज आणि त्याच्या दोन टोकांना दोन पक्षी आहेत. विन्सेंट हा त्या शहराचा पालक संत. तुमच्या सासरी ज्यांची भक्ती घरोघरी असते ते संत अँथनीही लिस्बनचेच, आणि त्यांनी संन्यस्त जीवनाची सुरुवात केली ती तेथील संत विन्सेंटच्या मठात. ज्या बंदरातून गोव्याची आणि वसईची जहाजे निघत, त्या शहराच्या पालकाचे नाव इकडच्या बाप्तिस्म्याच्या नोंदींत आले, यात नवल नाही. ते सत्तेबरोबर आले ही गोष्ट नाकारण्याचे कारण नाही. मात्र सत्ता १७३९ मध्ये गेली आणि नावे राहिली, कारण तोपर्यंत ती वसईतल्या शेतकऱ्यांची, बागायतदारांची आणि कोळ्यांची झाली होती. तुमचे सासरे वसईचे होते आणि मराठी बोलत होते. त्यांच्या नावाला परके म्हणायचे, तर ते आपल्या अंगणात किती शतके राहिले म्हणजे आपले होईल, हा प्रश्न मी तुमच्या वडिलांना आदराने विचारीन.

या नावाचे दुसरे मोठे संत म्हणजे फ्रान्सचे व्हिन्सेंट डी पॉल. त्यांचा जन्म १५८१ चा, मृत्यू १६६० चा. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या या धर्मगुरूने खेड्यांतील गरिबांसाठी १६२५ मध्ये धर्मगुरूंचा एक संघ उभारला आणि १६३३ मध्ये लुईझ द मारियाक यांच्यासह सेवाव्रती भगिनींची संस्था सुरू केली. त्या भगिनी मठाच्या भिंतीआड न राहता आजाऱ्यांच्या घरी जात, ही त्या काळी मोठी धाडसाची गोष्ट होती. त्यांच्या नावाने १८३३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या विशीतल्या तरुणाने आणि त्याच्या सोबत्यांनी जी सोसायटी स्थापन केली, तिच्या शाखा आपल्याकडच्या धर्मग्रामांतही गरजू कुटुंबांच्या घरी जाऊन मदत करतात. तुमच्या सासूबाईंना विचारा. तुमच्या सासऱ्यांचा सण त्या घरात २२ जानेवारीला साजरा होत असे की २७ सप्टेंबरला, यावरून त्यांचे नाव सारागोसाच्या संतावरून होते की या संतावरून, हे कळेल. नाव देताना ते माहीत असलेले बरे.

आता चित्रकाराविषयी. व्हिन्सेंट व्हॅन गॉग यांचे आयुष्य दुःखात गेले, हे तुमच्या बहिणीने सांगितले ते बरोबर आहे. परंतु दोष नावाचा असता तर त्यांच्या घरात ते नाव एकदाच आले असते आणि तेथेच थांबले असते. प्रत्यक्षात त्यांचे आजोबा विन्सेंट होते, एक काका विन्सेंट होते, आणि ३१ जानेवारी १८९० रोजी धाकटा भाऊ थिओ याला मुलगा झाला तेव्हा त्याचेही नाव काकावरून विन्सेंट ठेवले. काका तेव्हा फ्रान्समधील सां-रेमीच्या मनोरुग्णालयात होते. बाळाला आपल्या वडिलांचे नाव दिले असते तर मला अधिक आवडले असते, असे त्यांनी आईला पत्रात कळवले, आणि लगेच पुढे लिहिले की नाव ठेवलेच आहे तर मी त्याच्यासाठी एक चित्र सुरू केले आहे. निळ्या आकाशावर बदामाच्या पांढऱ्या फुलांनी भरलेल्या फांद्यांचे ते चित्र आज जगभर ओळखले जाते. ज्या बाळासाठी ते काढले ते मोठेपणी अभियंता झाले, १९७८ पर्यंत जगले, आणि काकांची चित्रे विखरू न देता त्यांनी ती एका प्रतिष्ठानाकडे सोपवली, म्हणून १९७३ मध्ये ॲम्स्टरडॅममध्ये ते संग्रहालय उभे राहू शकले. एकाच घरातल्या दोन माणसांना एकच नाव आणि दोन पूर्णपणे वेगळी आयुष्ये मिळाली. मावसबहिणीची काळजी प्रेमापोटी आहे, पण तिच्यामुळे निर्णय बदलू नका.

त्या पत्रातली एक गोष्ट मला तुमच्या प्रश्नाच्या अगदी जवळची वाटते. नातवाला आजोबांचे नाव असावे, असे त्या चित्रकाराला वाटले. आपल्याकडे हे नवीन नाही. बाळाजी विश्वनाथ यांचा मुलगा बाजीराव आणि बाजीरावांचा मुलगा पुन्हा बाळाजी, हे आपण इतिहासात वाचतो. महाराष्ट्रात मधले नाव वडिलांचे असते, त्यामुळे तुमच्या यजमानांच्या संपूर्ण नावात आज विन्सेंट आहे. बाळाच्या नावात मात्र मधल्या जागी यजमानांचे नाव येईल आणि सासऱ्यांचे नाव कागदावरून नाहीसे होईल. सासूबाईंच्या आग्रहामागे हे असू शकते. पतीला जाऊन एक वर्ष झालेल्या बाईला ते नाव घरात पुन्हा हाक म्हणून ऐकायचे असेल, तर नावाच्या अर्थाची चर्चा तिच्या दृष्टीने दुय्यम आहे, आणि तिचा हा हक्क मी तुमच्या वडिलांच्या पसंतीपेक्षा अधिक मानते.

सासऱ्यांचे नाव सुनेने कसे घ्यायचे, हा संकोच तुमच्या मनात असेल, तर त्यावरही आपल्या आज्या-पणज्यांनी उपाय शोधून ठेवला होता. नातवाला आजोबांचे नाव द्यायचे आणि हाक मात्र बाळ, बापू, नाना अशी मारायची. तुम्ही विनू म्हणा. विनायक आणि विनोद यांच्याबरोबर तो अगदी सहज खपून जाईल.

जयंत या नावाचे काय करायचे, ते आता सांगते. बारशाला बाळाच्या कानात एकच नाव सांगायचे असे आपल्या परंपरेत नाही. कुलदेवतेचे, महिन्याचे, नक्षत्राचे आणि व्यवहारातले अशी वेगवेगळी नावे सांगतात. तुम्ही बारसे करणार असाल तर जयंत हे नाव तुमच्या वडिलांनी स्वतः बाळाच्या कानात सांगावे आणि विन्सेंट हे व्यवहारातले नाव ठेवावे. बाप्तिस्मा द्यायचा की नाही हा तुम्हा दोघांचा निर्णय आहे, पण दिला तर तेथेही जयंत नावाची अडचण येत नाही. १९१७ च्या चर्चच्या कायद्यात संताचे नाव देण्यावर भर होता आणि पालकांनी ते दिले नाही तर धर्मगुरूने एक जोडावे, असे सांगितले होते. १९८३ पासूनच्या कायद्यात नाव ख्रिस्ती भावनेशी विसंगत नसावे, एवढीच अपेक्षा आहे. तुमच्या फादरांशी आधी बोलून घ्या.

मात्र ‘जयंत विन्सेंट’ असे जोडनाव सरकारी कागदावर घालू नका. आपल्या पद्धतीत दुसरे नाव वडिलांचे समजले जाते, आणि शाळेपासून बँकेपर्यंत प्रत्येक कारकून तुमच्या मुलाच्या वडिलांचे नाव विन्सेंट असल्याचे गृहीत धरील. ते दुरुस्त करण्यात तुमची अनेक वर्षे जातील. जन्माची नोंद २१ दिवसांत झालेली असेलच. नाव नंतर घालता येते, नोंदणीपासून १२ महिन्यांच्या आत त्यासाठी शुल्क पडत नाही आणि त्यानंतरही विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत ती सोय आहे. म्हणजे वडिलांशी शांतपणे बोलायला तुमच्याकडे वेळ आहे. परंतु १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत शाळाप्रवेश, आधार, पासपोर्ट यांसाठी जन्मदाखलाच मुख्य पुरावा मानला जातो, म्हणून एकदा घातलेले नाव आणि त्याचे लेखन कायमचे समजून घाला.

लेखनाबद्दल. इंग्रजीतील ‘व्ही’साठी मराठीत ‘व्ह’ लिहिण्याचा प्रघात आहे, त्यानुसार व्हिन्सेंट हे चूक नाही. तुमच्या सासऱ्यांच्या शिधापत्रिकेवर, सातबाऱ्यावर किंवा चर्चच्या नोंदीत जसे असेल तसेच ठेवा, म्हणजे उद्या वारसाच्या कागदांत दोन नावांचा मेळ घालावा लागणार नाही. पत्रात तुम्ही विन्सेंट असे लिहिले आहे, तेच घरचे वळण असावे. एका गोष्टीवर मात्र ठाम राहा. पहिल्या ‘न्’च्या जागी अनुस्वार देऊन ‘विंसेंट’ असे कोणी लिहू लागले तर ते बदलून घ्या. मराठीत ‘स’च्या आधीचा अनुस्वार आपण ‘संसार’, ‘संस्था’ या शब्दांतल्यासारखा उच्चारतो, त्यामुळे त्या लेखनाने उच्चार बिघडतो आणि लॅटिनपासून आलेला तो ‘न्’ ऐकूच येत नाही. ‘ट’च्या आधी मात्र अनुस्वार चालतो, कारण तेथे तो ‘घंटा’मधल्यासारखा स्वच्छ अनुनासिकच राहतो. ‘वि’ ऱ्हस्व, ‘न्’ अर्धा, ‘सें’वर अनुस्वार आणि शेवटी पूर्ण ‘ट’ असे कागदावर स्वतःच्या हाताने लिहून अर्जाला जोडा, आणि दाखला हातात पडताच खिडकीपाशी उभ्या राहून अक्षर न् अक्षर तपासून घ्या.